नागोयाला दीड मिनिट

जपानला जायचं हे ललिता गावंडेनं नवरा होता तेव्हाच ठरवलं होतं. जाणं झालं ते तो गेल्यावर चार वर्षांनी. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं भूगोल शिकवला. जपानची चार बेटं ती पुस्तकात न बघता फळ्यावर काढायची, आणि मोठ्या बेटाचं वळण काढताना खडू एकदाही उचलायची नाही. नवऱ्याला मात्र शेगावच्या पलीकडे कुठं जायचं म्हटलं की त्याचं अंग मोडून यायचं. निवृत्त झाल्यावर तिनं मुलीला, अपेक्षाला, सांगून टाकलं की हा पैसा माझा आहे आणि तो मी फिरण्यात घालवणार आहे. अपेक्षा हसली आणि तिनंच आईला पासपोर्टच्या ऑफिसात नेऊन आणलं.

सोबत शाळेतली मैत्रीण येणार होती. निघायच्या तीन आठवडे आधी ती जिन्यावरून घसरली आणि मनगट मोडून घरी बसली. सहलवाल्यांचा फोन आला. एकटीला खोली हवी तर बरेच जास्तीचे भरावे लागतील. नाहीतर अकोला जिल्ह्यातल्या एक बाई एकट्याच येताहेत, त्यांच्यासोबत राहा. ललितानं त्या बाईंसोबत राहायचं कबूल केलं.

त्या बाई म्हणजे पार्बताबाई. बार्शीटाकळीच्या जवळ त्यांचा मळा होता. शेवंती, झेंडू, मधल्या दिवसांत मेथी-पालक. नागपूरच्या विमानतळावर ललितानं त्यांना पहिल्यांदा पाहिलं. सहावारी पातळावर पुरुषी स्वेटर, पायात कोरे करकरीत पांढरे बूट, हातात एक कापडी पिशवी, जी त्या शेवटपर्यंत सामानात टाकायला तयार नव्हत्या. बोलायला लाजत नव्हत्या.

"माहा पोरगा तठीच हाये. जीवन. नागोयाले इंजिनेर हाये," त्यांनी सांगितलं. "त्यानंच बलावलं मले."

ललितानं नागोया नकाशात कुठं येतं ते त्यांना समजावून दिलं. पार्बताबाईंनी ते फार लक्ष देऊन ऐकलं. भूगोल इतकं मन लावून ऐकणारं कोणी ललिताला बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं, म्हणून तिला त्या आवडल्याच.

पहिली ठेच ओसाकाला लागली. त्या दिवशी दुपारचं जेवण ज्याचं त्यानं घ्यायचं होतं. पार्बताबाईंनी रुमालाची गाठ सोडून पाचशेच्या नोटा काढल्या आणि भाताच्या दुकानातल्या पोरीपुढं धरल्या. पोरीनं दोन्ही हात जोडले, वाकली, नोटांकडे बघत राहिली. पार्बताबाईंना वाटलं कमी पडताहेत, म्हणून त्यांनी आणखी एक काढली. सहलीचा मॅनेजर अंकुर धावत आला आणि सांगू लागला की मावशी, हे इथं चालत नाही, नागपुरातच बदलून घ्यायला पाहिजे होते. पार्बताबाई म्हणाल्या, जीवन देणार होता, म्हणून नाही बदलले.

ललितानं दोघींचे पैसे दिले. पार्बताबाई तिला नोटा घ्या म्हणून मागे लागल्या. ललिता म्हणाली, राहू द्या हो, परक्या मुलखात आपण एकमेकींना नाही बघायचं तर कोणी बघायचं. हे ती जरा मोठ्यानं म्हणाली. नागपूरच्या दोन जोडप्यांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. ललिताला त्या वेळी फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं. रस्त्यारस्त्यावर गरम चहाच्या बाटल्या देणारी यंत्रं होती. थंडीत सगळे त्यांच्याभोवती जमायचे. पार्बताबाई कधीही काही मागत नसत. मागितलं असतं तर ललिताला सोपं गेलं असतं. त्या फक्त चार पावलं लांब, पोटावर हात बांधून उभ्या राहायच्या, आणि मग बाकीचे लोक ललिताकडे बघायचे. ललिता दोन बाटल्या घ्यायची. नारा गावात मोकळी हरणं हिंडतात, त्यांना घालायच्या बिस्किटांचा एक पुडा तिनं घेतला आणि अर्धा पार्बताबाईंना दिला. त्यांनी एक बिस्कीट मोडलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि सांगितलं की हे कोंड्याचं आहे. नागपूरवाली खो खो हसली. ललिताला मात्र हसू आलं नाही. आपण पैसे देतोय आणि गंमत यांची होतेय, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याचा तिला पार्बताबाईंवरच राग आला.

क्योटोला एका देवळाच्या अंगणात शेवंतीचं प्रदर्शन होतं. मांडवाखाली कुंड्यांच्या रांगा, प्रत्येक कुंडीत कमरेएवढं उंच रोप, वर ताटलीएवढं फूल. बाकीचे लोक फोटो काढून पुढं गेले. पार्बताबाई हलेनात. त्यांनी पानं उलटून पाहिली, काडीला बांधलेली सुतळी पाहिली, खाली वाकून माती चिमटीत घेतली. मग ललिताला बोलावून देठावरच्या बारीक बारीक खुणा दाखवल्या.

"पाहा बाई. एका झाडाले एकच फूल ठेवलं. बाकीच्या कळ्या लहानपणीच खुडून टाकल्या. समदा जोर त्या एकातच गेला."

ललिताला त्या खुणा दाखवल्याशिवाय दिसल्या नसत्या. तिला वाटलं, या बाईसोबत आपण असं रोज एकेक बघत फिरलो तर किती छान होईल. तेवढ्यात पार्बताबाईंनी विचारलं, नागोया इथून किती लांब आहे.

वेगाच्या गाडीनं पाऊण तास नाही लागत, ललितानं सांगितलं.

दुसरा दिवस मोकळा होता, ज्याला जिथं जायचं तिथं जायचं. पार्बताबाईंनी पिशवीतून वहीचं पान काढलं. त्यावर नागोयाचा पत्ता होता, इंग्रजीत, कोणाच्या तरी हातानं लिहिलेला. उद्या तुमी मले तठी नेता का, त्यांनी विचारलं. तिकिटाचे पैसे अकोल्याला पोचल्यावर लगेच पाठवते, पाहिजे तर या नोटा आत्ताच ठेवा.

ललिता एकदम उसळली. उद्या तिला शेवाळाची बाग बघायची होती. त्या बागेचा फोटो तिनं चौदा वर्षं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला होता.

"तुमचा मुलगा इथं इंजिनियर आहे ना? मग आईला भेटायला पाऊण तास येणं त्याला होत नाही? तुमच्या हातावर चार पैसे ठेवणं होत नाही? मी इथं फिरायला आले पार्बताबाई, तुमचं बघायला नाही."

पार्बताबाईंनी पानाची घडी घातली. "बरोबर हाये तुमचं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ललिता नागपूरवाल्यांसोबत बाग बघायला गेली. बाग फोटोतल्यापेक्षा सुंदर होती. येताना तिनं एका जुन्या दुकानातून चहाचा मातीचा वाडगा घेतला. महाग होता, पण आयुष्यात एकदाच तर यायचं, असं सगळे म्हणाले. पाचच्या सुमाराला हॉटेलवर आली तर अंकुर दारातच उभा, चेहरा उतरलेला. पार्बताबाई सकाळी नऊपासून नव्हत्या.

तास-सव्वा तास कोणाला काही सुचेना. मग दाराशी पोलिसांची गाडी थांबली. पार्बताबाई उतरल्या त्या अनवाणी, पायांना पांढऱ्या पट्ट्या, बूट एका कोवळ्या पोलिसाच्या हातात. अंकुरनं मोबाईलवर भाषांतर करून करून सगळं समजून घेतलं. त्या स्टेशनवर गेल्या होत्या. तिकिटाच्या खिडकीवर नोटा आणि पत्ता दाखवला. तिकीट मिळालं नाही तेव्हा बाहेर आल्या आणि गाडी ज्या दिशेला जाते त्या दिशेनं रुळाच्या कडेकडेच्या रस्त्यानं चालायला लागल्या. सात-आठ किलोमीटरवर एका पुलाखाली बसलेल्या सापडल्या. नव्या बुटांनी टाचा सोलून निघाल्या होत्या.

पोलिसाला वाटलं ललिता त्यांची मोठी बहीण आहे. तो तिच्यापुढं कमरेतून वाकला. मोबाईलमधली बाई मराठी बोलली: आपल्या बहिणीला शोधायला आम्हाला उशीर झाला, माफ करा. ललितानंही वाकून नमस्कार केला. आपण बहीण नाही, हे तिनं सांगितलं नाही.

खोलीत तिनं बादलीत कोमट पाणी काढलं. पार्बताबाईंनी पट्ट्या सोडून पाय बुडवले आणि आपणहूनच सांगायला लागल्या. जीवननं त्यांना बोलावलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी गेला तो एकदाही आला नाही. त्याचे वडील किसनराव चैत्रात वारले. तेव्हाही तिकीट मिळत नाही म्हणाला, आणि सरण त्यानं मोबाईलवर पाहिलं. त्यानंतर फोन कमी कमी होत गेले. पोळ्यापासून तर तो उचलतच नव्हता. विम्याचे पैसे आले होते. त्यात दसऱ्याच्या झेंडूचे घालून त्यांनी सहलीचे भरले, कारण इंग्रजी न येणाऱ्या बाईला जपानला पोचायची दुसरी कोणती वाट त्यांना सापडली नाही. हातात वरखर्चाला काही उरलं नाही. गावात सांगितलं, पोरानं बोलावलं.

"मले त्याले काही इचारायचं नाई, बाई. काहून आला नाई, तेही नाई इचारत. नुसतं पाहायचं हाये."

टेबलावर वाडग्याचा खोका होता. त्या वाडग्याच्या पैशात दोघी नागोयाला जाऊन आल्या असत्या. तिनं तो उचलून आपल्या बॅगेत, कपड्यांच्या खाली ठेवला.

मग तिनं स्वतःच्या फोनवरून जीवनचा नंबर लावला. अनोळखी नंबर म्हणून असेल, त्यानं तिसऱ्या घंटेला उचलला. ललितानं वर्गातला आवाज काढला. तुझी आई क्योटोमध्ये आहे, तिचे पाय सोलले आहेत, ती तुझ्याकडे चालत निघाली होती, असं सगळं एका दमात सांगितलं. मग तो हळू आवाजात म्हणाला की उद्या सुट्टी मिळणार नाही. ललितानं सांगितलं की उद्या सकाळी टोकियोला जाणारी आमची गाडी नागोयावरूनच जाते, दीड मिनिट थांबते, तेवढा तरी ये. गाडीची वेळ सांगितली, अकरावा डबा, पुढचं दार, हे दोनदा म्हणवून घेतलं.

"येतो मॅडम. आईला सांगा, नक्की येतो."

तिनं फोन पार्बताबाईंच्या कानाला लावला. पार्बताबाईंनी विचारलं, तठी थंडी हाये का रे. आपणही त्याच देशात, त्याच थंडीत बसलो आहोत, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी तयार होत्या. कापडी पिशवीत काय आहे ते त्यांनी ललिताला तेव्हा दाखवलं. जवसाची चटणी, मुगवड्या, आणि रुमालात बांधलेलं किसनरावांचं मनगटी घड्याळ. गाडी सुटल्यावर त्या जागेवर बसल्याच नाहीत. पट्ट्या बांधलेल्या पायांनी दाराजवळ उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून. ललिता त्यांच्या शेजारी उभी राहिली. अंकुरनं दोघींना बजावलं की खाली उतरायचं नाही, दारातूनच भेटायचं. इथं दार एकदा लागलं की कोणासाठी उघडत नाही.

दार उघडलं आणि पार्बताबाई खाली उतरल्या.

त्यांना थांबवावं असं ललिताच्याही मनात आलं नाही. लोक शिस्तीत चढत-उतरत होते. पार्बताबाईंनी हात मोकळे व्हावेत म्हणून पिशवी फलाटावर ठेवली आणि डावीकडे पाहू लागल्या, जिकडून गर्दी येत होती. "जीवन," त्यांनी हाक मारली, एकदाच, मळ्यातल्या मळ्यात मारावी तशी.

ललिता दारात होती, उजवीकडे तोंड करून. वीसेक पावलांवर जिना होता, जिन्यापाशी बाटल्यांचं यंत्र, आणि यंत्राला टेकून तो उभा होता. पार्बताबाईंनी मोबाईलवर दाखवलेल्या फोटोतलाच, पण गालफडं बसलेली. अंगात गोदामातल्या कामगारांचा असतो तसा करडा सदरा, छातीवर चमकणारी पट्टी, हातात टोपी. तो आईच्या पाठीकडे बघत होता. ललितानं हात वर केला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. आणि जागचा हलला नाही.

ललिता वाट बघत राहिली. आता येईल, आता निघेल. किती क्षण गेले ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही, पण ते पुरेसे होते. वीस पावलं कोणीही चालून आलं असतं. मग तो नजर काढून जमिनीकडे बघू लागला. त्याच वेळी घंटी वाजली, मागून अंकुर ओरडला, आणि ललितानं वाकून पार्बताबाईंचा दंड धरला आणि त्यांना जोर लावून आत ओढलं. दार लागलं. पिशवी फलाटावर राहिली.

गाडीनं वेग घेतल्यावर पार्बताबाई दंड चोळत म्हणाल्या, "तुमाले दिसला का?"

"नाही," ललिता म्हणाली.

तिला वाटलं, न आलेला मुलगा सोसता येतो. कामात अडकला, गाडी चुकली, जिना चुकला. आई त्याला हजार कारणं शोधून देईल. येऊन उभा राहिलेल्या आणि पुढं न झालेल्या मुलाला कोणतं कारण द्यायचं? म्हणून ती नाही म्हणाली, आणि फुजीचा डोंगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. डोंगर त्या दिवशी लख्ख दिसला. सगळ्या डब्यानं फोटो काढले.

पुढचे चार दिवस पार्बताबाई फिरल्या नाहीत. बस थांबली की त्या बसमध्येच बसून राहायच्या. ललिता त्यांच्यासाठी चहा आणायची, भात आणायची, टोकियोच्या बाजारातून लोकरी मोजे आणले. त्यांनी काहीच घेतलं नाही. तहान लागली की नळाचं पाणी प्यायच्या आणि मान हलवून नको म्हणायच्या, न रागावता. नागपूरच्या विमानतळावर त्यांना घ्यायला पुतण्या आला होता. जाताना ललिताच्या पाया पडायला वाकल्या, ललितानं वरच्यावर धरलं.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी फोन आला. अपेक्षा आईकडे आली होती, दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पार्बताबाईंचा आवाज ओळखूच आला नाही, इतका तो मोकळा झाला होता. जीवनचा फोन आला होता. आता दर रविवारी करतो म्हणाला. पिशवी त्याला मिळाली, चटणी संपली, वडिलांचं घड्याळ हातात घालतो. ललिताला खरोखर आनंद झाला आणि ती तसं म्हणालीही. मग पार्बताबाई म्हणाल्या,

"बाई, तो आला होता. जिन्यावरून धावत येऊन राहिला होता. दोन पावलं राह्यली होती म्हणे, अन् तुमी मले ओढून घेतलं."

ललितानं हातातली शेंग परातीत ठेवली.

"त्यानं सांगतलं, तुमी त्याले पाह्यलं. हात वर केला तुमी. मंग मले नाई म्हणून काहून सांगतलं?"

याला एकच उत्तर होतं. तो धावत नव्हता. तो यंत्राला टेकून उभा होता आणि त्यानं नजर खाली घातली. ते उत्तर ललिताच्या ओठाशी आलं. पलीकडे पार्बताबाई वाट बघत होत्या. मागं कोणीतरी पंप सुरू केल्याचा आवाज येत होता, म्हणजे त्या मळ्यातूनच बोलत होत्या.

"चुकलं माझं," ललिता म्हणाली.

"तुमी शिकलेल्या होत्या, बाई. तिकिटाचं तुमी नाई म्हटलं, त्याचं मले काहीच वाटलं नाई. पैसा तुमचा होता. पण पोरगा माहा होता." मग त्यांनी सावकाश सांगितलं की आता फोन करू नका, आणि ठेवून दिला.

अपेक्षानं विचारलं, कोण होतं. सहलीतल्या बाई होत्या, ललितानं सांगितलं. अपेक्षा म्हणाली, त्याच ना, ज्यांचं सगळं तूच केलंस? ललितानं परात जवळ ओढली आणि पुढची शेंग उचलली.

माघात अकोल्याला एका भाचीचं लग्न होतं. ललिता सकाळच्या गाडीनं अकोल्याच्या स्टँडवर उतरली, तर समोरच बार्शीटाकळीची एसटी लागलेली. ती चढली आणि खिडकीशी बसली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. जाऊन मळ्याच्या बांधावर उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं. वाहक आला, त्यानं विचारलं, बाई, कुठलं देऊ. ललिता त्याच्याकडे बघत राहिली. खरं सांगायला गेलं तर त्या बाईचा रविवार जाईल, आणि खरं सांगायचं नसेल तर तिथं जाऊन उभं राहण्यात काय अर्थ आहे. चुकीच्या गाडीत बसले, असं म्हणून ती उतरली आणि रिक्षा करून मंगल कार्यालयात गेली.

तिथं तिला बायकांनी घेरलं. जपान कसा आहे, त्यांनी विचारलं. फार स्वच्छ आहे, ललितानं सांगितलं, आणि गाड्या अगदी वेळेवर सुटतात.